आरोग्याच्या तासाकडून नववीच्या मुलांना काय हवे असते?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. शाळेने मला आणि एका सहकारी सरांना आरोग्यदूत म्हणून नेमले आहे. आठवी-नववीला आठवड्यातून एक तास आरोग्यासाठी घ्यायचा आहे. प्रशिक्षण झाले, पुस्तिकाही मिळाली. पण तासाला मुले एक तर गप्प बसतात, नाहीतर मागच्या बाकांवर खुसखुस चालते. मुलांना हा विषय नकोच आहे का, की वेगळे काही हवे आहे? मुलामुलींना एकत्र बसवावे की वेगळे? आणि पालकांनी तक्रार केली तर काय करायचे?

उत्तर : मॅडम, मुलांना हा विषय हवा आहे. नववीतल्या मुलीच्या शेजारच्या रांगेत तिच्याच वाडीतला मुलगा बसलेला असतो, मागे चुलतभाऊ असतो, आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या बाई तिच्या आईला आठवडी बाजारात भेटतात. अशा वर्गात उभे राहून 'माझी पाळी दोन महिने आली नाही' असे ती विचारणार नाही. मुलगाही 'छातीत गाठ लागते, दुखते' असे सगळ्यांसमोर म्हणणार नाही. त्यांचे गप्प बसणे हा त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय असतो, आणि त्या परिस्थितीत तो शहाणपणाचाही असतो. खुसखुस हे त्याच अवघडलेपणाचे दुसरे रूप आहे.

एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला सहावी ते बारावीच्या जवळपास ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांचे मानसिक आरोग्याविषयी सर्वेक्षण केले होते. शालेय आयुष्याबद्दल ७३ टक्के मुलांनी समाधान व्यक्त केले, स्वतःच्या वैयक्तिक आयुष्याबद्दल मात्र ५१ टक्क्यांनीच. प्रश्न विचारायला संकोच वाटतो असे २८ टक्के मुलांनी सांगितले. या आकड्यांइतकीच महत्त्वाची मला वाटते ती त्या पाहणीची पद्धत. नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते, म्हणून मुले मोकळेपणाने लिहू शकली. तुमच्या तासाची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

मी डॉक्टर आहे. तालुक्याच्या रुग्णालयातले मैत्री क्लिनिक, म्हणजे किशोरवयीनांसाठीचा सल्ला-विभाग, आणि आसपासच्या शाळा अशा दोन्ही ठिकाणी किशोरवयीन मुलांबरोबर बरीच वर्षे काम करते आहे. पुढे जे सांगते आहे त्याचा आधार मुख्यतः मुलांनी नाव न घालता लिहिलेल्या चिठ्ठ्या आहेत. गावे बदलतात, माध्यम बदलते, पण चिठ्ठ्यांतले प्रश्न आश्चर्य वाटावे इतके सारखे असतात.

आधी मुलग्यांचे सांगते, कारण त्यांच्याकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. उंची कधी वाढणार, मिशी कधी येणार, वर्गात सगळ्यांचा आवाज फुटला, माझा का नाही, हे प्रश्न प्रत्येक गठ्ठ्यात असतात. त्यानंतर येतो रात्री झोपेत वीर्य जाण्याचा प्रश्न. तो कधीच साध्या कुतूहलातून आलेला नसतो, त्यामागे भीती असते. 'धातू जाते, त्यामुळे अंगातली ताकद संपते, पुढे लग्न करता येणार नाही' असे मोठ्या मुलांनी किंवा भिंतीवरच्या जाहिरातीने त्याच्या डोक्यात भरवलेले असते. काही मुले या भीतीपोटी कबड्डी सोडतात, काही घरातून पैसे घेऊन कसलीशी पावडर आणतात. 'हे वयात येण्याचा भाग आहे, वीर्य शरीरात सतत तयार होत असते, ते बाहेर गेल्याने अशक्तपणा येत नाही, हस्तमैथुनानेही येत नाही', एवढी वाक्ये शांतपणे आणि न हसता सांगितली की वर्गाचा ताण उतरलेला दिसतो.

छातीच्या गाठीबद्दल तर पुस्तकात काहीच नसते. वयात येणाऱ्या मुलग्यांपैकी जवळपास निम्म्यांना काही काळ स्तनाग्राखाली लहानशी, दुखरी गाठ लागते. संप्रेरकांच्या बदलामुळे हे होते आणि बहुतेकांमध्ये वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरते. हे माहीत नसलेला मुलगा उन्हाळ्यातही बनियनवर दोन शर्ट घालतो, विहिरीवर पोहायला जात नाही, पीटीच्या तासाला पोटदुखीचे कारण सांगतो. काहींना कॅन्सरची शंका येते, काहींना आपण मुलगी होतो आहोत असे वाटते. गाठ फार कडक असेल, एकाच बाजूला भरभर वाढत असेल किंवा त्यातून स्राव येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचे, नाहीतर वाट पाहायची. हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण ती पाच मिनिटे त्या मुलाला शाळेत कधी मिळत नाहीत, कारण 'वयात येणे' हा विषय निघाला की मुलींना हॉलमध्ये बसवतात आणि मुलांना मैदानावर पाठवतात. 'आम्हाला का बाहेर काढलं?' ही मुलांची तक्रार मी जवळजवळ प्रत्येक शाळेत वाचली आहे.

मुलींच्या चिठ्ठ्यांत पाळी असतेच, पण सॅनिटरी नॅपकिन कसा वापरायचा हा प्रश्न त्यात क्वचितच असतो. ते त्यांना बहिणीकडून, मैत्रिणीकडून, जाहिरातीतून कळलेले असते. त्यांना हवे असते ते पुढचे. पाळी महिन्याच्या महिन्याला का येत नाही? पोटात इतके दुखते की शाळा बुडते, पण आई म्हणते गोळी घेऊ नकोस, पुढे मूल होणार नाही. अंगावरून पांढरे जाते, त्याने हाडे झिजतात का? पहिली दोन-तीन वर्षे पाळी अनियमित असणे स्वाभाविक आहे. दोन पाळ्यांमध्ये २१ ते ४५ दिवस गेले तरी या वयात चालते. तीन महिने पाळी आलीच नाही, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव होत राहिला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागला किंवा पंधरा वर्षे पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवायचे. डॉक्टरांनी दिलेल्या वेदनाशामक गोळीने मूल होण्यावर परिणाम होत नाही. पातळ, पांढरट, वास नसलेला स्राव नैसर्गिक आहे, हाडांशी त्याचा संबंध नाही. खाज, दुर्गंधी किंवा दह्यासारखा स्राव असेल तर उपचार लागतात. हे आकडे फळ्यावर लिहा. मुली वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतात आणि घरी मोठ्या बहिणीला दाखवतात.

आणि मग त्या चिठ्ठ्या, ज्या मुलगे आणि मुली दोघांच्याही असतात, ज्यांना पुस्तिकेत ठरावीक पान नाही. रात्री दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. बाबा दारू पितात, अभ्यास होत नाही. माझा रंग काळा आहे म्हणून नाटकात घेतलं नाही. त्याला फोटो पाठवला, आता तो ब्लॉक करत नाही आणि डिलीटही करत नाही. दहावीला कमी पडले तर घरी कसं जाऊ? आरोग्य म्हणजे आहार, स्वच्छता आणि व्यायाम असे आपण समजतो. मुलांच्या लेखी आरोग्याचा मोठा भाग मन, घर आणि मोबाइल यांनी व्यापलेला आहे. तुमच्या पुस्तिकेत हे सगळे आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य व कल्याण कार्यक्रमाचे अकरा विषय आहेत, त्यांत भावनिक आरोग्य आहे, नातेसंबंध आहेत, व्यसने आहेत, हिंसेपासून सुरक्षितता आहे. पण प्रजनन आरोग्य आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर यादीच्या शेवटाकडे येतात, आणि शेवटाकडचे विषय फेब्रुवारीत सराव परीक्षेखाली गाडले जातात. विषय पुस्तिकेच्या क्रमाने घेण्याची गरज नाही. चिठ्ठ्या वाचून क्रम ठरवा.

मुलांची दुसरी तक्रार वेळेबद्दल असते: 'हे आम्हाला आधी सांगायला हवं होतं.' आपल्याकडे बहुतेक मुलींना सहावी ते आठवीच्या दरम्यान पाळी येते. माणसातल्या प्रजननाचा सविस्तर धडा राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये आहे. 'सामाजिक आरोग्य' हा ताणतणाव आणि व्यसनांवरचा धडा त्याच पुस्तकात नववा आहे, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या तोंडावर. प्रजननाच्या धड्यात आकृत्यांना गुण असतात, त्यामुळे आकृत्या शिकवल्या जातात. बीजांडकोश कुठे आहे हे मुलीला दाखवता येते, पण पोटात दुखते तेव्हा काय करायचे हे तिला कोणी सांगितलेले नसते. तुम्ही विज्ञान शिकवता, हा तुमचा मोठा फायदा आहे. दहावीच्या धड्यातले जे सातवी-आठवीला लागते ते तेव्हाच सांगा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

तिसरी तक्रार सुराबद्दल असते. सगळे 'करू नका'च्या सुरात सांगितले जाते. तंबाखूचेच बघा. तंबाखूने कॅन्सर होतो हे मुलांना ठाऊक आहे, पुडीवर चित्रच असते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी साडेआठ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले, आणि त्यांनाही ते माहीत होतेच. मुलांना विचारायचे असते ते वेगळे. काका पुडी आणायला पाठवतात, नाही कसं म्हणू? मित्र मळून हातावर ठेवतो, घेतली नाही तर चिडवतात. आजी मशेरी लावते, तिला सोडवायची कशी? मी लावायला लागले आहे, आता सुटत नाही. यातल्या एकाही प्रश्नाला फुफ्फुसाच्या चित्राने उत्तर मिळत नाही. नाही म्हणण्याचा सराव वर्गात करून घ्यावा लागतो. दोघांना समोर उभे करून, हातवाऱ्यांसकट. मुलांना हे मनापासून आवडते, कारण इथे त्यांना त्यांचेच शब्द वापरता येतात. मशेरी सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते आणि नंतर ते कमी होते, हेही सांगावे लागते. नाहीतर तिसऱ्या दिवशी मुलगी समजते की आपल्याला जमणारच नाही.

याच ठिकाणी मुले शाळेची परीक्षा घेतात. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. फाटकासमोरच्या टपरीवर माळा लटकत असतील आणि आत वर्गात व्यसनमुक्तीची शपथ चालू असेल, तर मुले त्या शपथेवरून तुमच्या पुढच्या सगळ्या बोलण्याची किंमत ठरवतात. स्वच्छतागृहाचे तसेच. मुलींच्या चिठ्ठ्यांत एक मागणी इतर सगळ्यांपेक्षा जास्त वेळा येते, ती म्हणजे शौचालयाला आतून कडी, पाणी आणि वापरलेले पॅड टाकायला झाकण असलेला डबा. पाळीच्या दिवसांत पॅड चार-सहा तासांनी बदलावा असे तुम्ही शिकवता आणि शाळा मात्र सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच कडी नसलेल्या दाराची असते. मुली मग सकाळपासून पाणी पीत नाहीत. लघवीच्या जागी जळजळ होते म्हणून माझ्याकडे आलेल्या मुलीला 'पाणी भरपूर पी' म्हणताना मला नेहमी त्या दाराची आठवण येते. माझे मत विचाराल तर या वर्षी तुमच्या तासांपैकी एकही झाला नाही आणि फक्त कड्या बसल्या, तरी मुलींच्या आरोग्यासाठी मोठे काम झाले असे मी म्हणेन. दोन्ही झाले तर उत्तमच.

निळ्या गोळीबद्दलही थोडे सांगायला हवे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली आणि ३१ टक्के मुलगे रक्तक्षयाचे आढळले. त्यासाठी शाळेत आठवड्याला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात. मुले ती खिडकीतून टाकतात, हे सगळ्या शाळांना माहीत आहे. का टाकतात हे मात्र त्यांना कोणी विचारत नाही. मी विचारले तेव्हा उत्तरे मिळाली ती अशी: मळमळते, शौच काळी होते म्हणून भीती वाटली, कोणीतरी म्हणाले की ही मूल न होण्याची गोळी आहे. पहिले कारण खरे आहे आणि त्यावर उपाय आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. नववी-दहावीच्या मुलांना गोळी सकाळी परिपाठाला दिली तर ती रिकाम्या पोटी जाते. मधल्या सुट्टीत डबा खाऊन झाल्यावर द्या, मळमळ बरीच कमी होते. तासभर आधी-नंतर चहा नको, डब्यात लिंबाची फोड असली तर चांगले. शौच काळी होणे हे न शोषलेल्या लोहामुळे असते, त्याने अपाय नाही. तिसऱ्या कारणावर उत्तर एकच. शिक्षकांनी मुलांसमोर तीच गोळी स्वतः घ्यायची.

आता शिकवायचे कोणी, यावर मुलांचे मत तुम्हाला कदाचित आवडणार नाही, पण ते ऐकायलाच हवे. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दहा देशांतले ५५ अभ्यास एकत्र वाचले. शाळेतल्या लैंगिक शिक्षणाबद्दल मुले काय म्हणतात हे त्यांना शोधायचे होते. देश वेगळे असले तरी सूर एक होता. जे सर-बाई रोज गणित शिकवतात आणि गुण देतात, त्यांच्याकडून हा विषय ऐकताना अवघडायला होते, आणि आपले बोलणे स्टाफरूममध्ये पोचेल अशी धास्ती वाटते. आपल्या देशातला पुरावा आणखी नेमका आहे. गोव्याच्या 'संगत' संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहेर' नावाचा प्रयोग केला. काही शाळांत नववीसाठी प्रशिक्षण दिलेली, त्याच कामासाठी नेमलेली व्यक्ती होती, काहींत तेच काम शिक्षकांकडे दिले होते. परिपाठात चर्चा, भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट आणि गरज पडल्यास एकट्याने बोलण्याची सोय, असे उपक्रमाचे रूप होते. निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतंत्र व्यक्ती असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही.

याचा अर्थ शिक्षक कमी पडतात असा मी लावत नाही. शिक्षकाकडे अभ्यासक्रम असतो, निवडणुकीचे काम असते, माहिती भरायची असते, आणि त्याच मुलाला शिस्त लावायची जबाबदारीही असते. तरीही या निष्कर्षाकडे काणाडोळा करून चालणार नाही. तुमच्या शाळेला स्वतंत्र समुपदेशक मिळणे सध्या अवघड दिसते, म्हणून जे हाताशी आहे ते वापरा. तुम्ही ज्या तुकडीच्या वर्गशिक्षिका आहात तिचा तास सहकारी सरांना द्या आणि त्यांच्या तुकडीचा तुम्ही घ्या. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकच्या समुपदेशकांना सत्रात दोन वेळा बोलवा. वर्षातून एकदा तपासणीला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यातल्या डॉक्टरांना वजन-उंची झाल्यावर अर्धा तास मुलांच्या प्रश्नांसाठी मागून घ्या. ते बहुतेक वेळा आनंदाने थांबतात, त्यांना कोणी विचारत नाही इतकेच. आणि तासाला गुण, श्रेणी, चाचणी काहीही ठेवू नका.

प्रश्नपेटी सगळ्याच शाळांत असते आणि बहुतेक ठिकाणी तिच्यावर धूळ असते. ती मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर टांगलेली असते, तिथे चिठ्ठी टाकताना सगळे बघतात. त्याऐवजी असे करा. तासाच्या शेवटी प्रत्येकाला सारख्याच कागदाचा तुकडा द्या. प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच. प्रश्न नसेल तर 'प्रश्न नाही' किंवा काल काय जेवलो ते लिहायचे. म्हणजे कोण लिहिते आहे यावरून कोणी काही ताडू शकत नाही. नाव, हजेरी क्रमांक, तुकडी काही नको. चिठ्ठ्या तुम्ही स्वतः गोळा करा, घरी वाचा, अक्षरावरून मूल ओळखायचा मोह पूर्णपणे टाळा, आणि वर्गात मूळ चिठ्ठी कधीही वाचून दाखवू नका. सारखे प्रश्न एकत्र करून पुढच्या तासाला उत्तरे द्या. चावट शब्दांत लिहिलेल्या प्रश्नालाही उत्तर द्या, शब्द मात्र तुमचे वापरा. मूल बऱ्याचदा तुम्ही रागावता का हे तपासत असते, आणि त्याला तो एकच शब्द माहीत असतो. उत्तर येत नसेल तर 'विचारून सांगते' म्हणा आणि खरोखर सांगा. सुरुवातीच्या दोन आठवड्यांत चिठ्ठ्या पोरकट असतील. तिसऱ्या-चौथ्यापासून खरे प्रश्न येतात, असा माझा अनुभव आहे.

चिठ्ठ्या सुरू करण्याआधी एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगायची. तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील, पण कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोणी लैंगिक त्रास देत असेल, तर मला मदत बोलवावी लागेल आणि ती मी तुम्हाला सांगून बोलवेन. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, न कळवल्यास शिक्षा आहे. हे शाळेत मिटवायचे प्रकरण नसते. मुलांना ही मर्यादा आधी सांगितली तर ती बोलायची बंद होतील असे शिक्षकांना वाटते. माझ्या पाहण्यात उलट झाले आहे. कुठे काय होईल हे आधी माहीत असलेली मुले जास्त बोलतात, आणि काही मुले तर मदत बोलवली जावी म्हणूनच सांगतात.

'जगावंसं वाटत नाही' अशी चिठ्ठी आली, तर ती पुढच्या तासापर्यंत ठेवायची नाही. त्याच दिवशी, शक्य तर सगळ्या तुकड्यांना सांगा की एका चिठ्ठीत कोणीतरी खूप जड गोष्ट लिहिली आहे, ती मी वाचली आहे, मी अमुक वेळेला अमुक ठिकाणी एकटी बसणार आहे, ज्याने लिहिले त्याने यावे, दुसऱ्या कोणाला बोलायचे असेल त्यानेही यावे. फळ्यावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन क्रमांक लिहा आणि वर्षभर पुसू नका. मूल आले तर 'तुझ्या मनात मरण्याचे विचार येतात का' असे सरळ विचारा. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. मूल आपल्याला कोणीतरी नीट विचारले म्हणून रडते आणि बोलते. त्या मुलाला एकटे घरी पाठवू नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा आणि रुग्णालयाशी जोडून द्या. कोणीच आले नाही म्हणून अक्षर जुळवायची वेळ खरोखर आली, तर ती हीच, आणि तेही मुख्याध्यापकांशी बोलून, गाजावाजा न करता.

एकत्र की वेगळे? मुलांचे उत्तर दोन भागांत येते. आपल्या शरीराचे प्रश्न विचारायला आधी वेगळे बसवा, मग समोरच्याच्या शरीरात काय होते हे समजून घ्यायला एकत्र बसवा. पाळीची माहिती मुलांनाही द्यायची आणि मुलग्यांच्या बदलांची मुलींनाही. डाग पडला म्हणून हसणारा मुलगा बहुतेक वेळा काय झाले हेच न कळलेला असतो. एकदा कळल्यावर तोच मुलगा आपले जर्किन काढून देतो, हे मी पाहिले आहे. नातेसंबंध, होकार-नकार, मोबाइलवरचे फोटो आणि व्यसने हे विषय मात्र सुरुवातीपासून एकत्रच घ्या, कारण प्रत्यक्ष आयुष्यात हे प्रश्न एकत्रच उभे राहतात.

पालकांच्या भीतीला महाराष्ट्रात इतिहास आहे. किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम २००५ मध्ये देशभर आला आणि २००७ मध्ये विरोधानंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. तेव्हा नववीत असलेली मुले आज स्वतः पालक आहेत, आणि ज्या माहितीपासून त्यांना दूर ठेवले गेले तीच माहिती आज त्यांची मुले मोबाइलवर चुकीच्या जागी शोधत आहेत. अशा शिक्षणाने मुले लवकर लैंगिक संबंधांकडे वळतात असा पुरावा जगभर शोधूनही मिळालेला नाही. युनेस्कोच्या २०१८ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत हे स्पष्ट मांडले आहे. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत डॉ. राणी बंग यांनी सुरू केलेली तारुण्यभान शिबिरे महाराष्ट्रात वर्षानुवर्षे होत आली आहेत. हा विषय मराठीत, सभ्य शब्दांत आणि उघडपणे बोलता येतो याचे ते उदाहरण आहे.

पण पालकसभेत युनेस्को सांगू नका. चिठ्ठ्यांतले दहा-बारा प्रश्न, कोणाचे ते ओळखू येणार नाही असे नव्याने लिहून, वाचून दाखवा. अंगावरून पांढरे जाते, बाबांची दारू, फोटो पाठवला, जगावंसं वाटत नाही. मग विचारा की याची उत्तरे मुलांना कोणी द्यावीत असे तुम्हाला वाटते. सभा तास सुरू होण्याआधी घ्या, तक्रार आल्यावर नाही. पुस्तिका टेबलावर ठेवा, ज्याला चाळायची त्याला चाळू द्या. एखादे वडील तरीही नाही म्हणाले तर वाद घालू नका, त्यांना एका तासाला मागे बसायला बोलवा. आणि आयांसाठी वेगळा अर्धा तास ठेवा, शक्यतो गावातल्या आशाताईंना बरोबर घेऊन. तिथे मुलीबद्दलचे दोन प्रश्न झाले की आया स्वतःचे प्रश्न विचारू लागतात, तेव्हा सभेला ठरवलेल्या वेळेपेक्षा तासभर जास्त धरून ठेवा.